व्हरांड्यातला विद्यार्थी

श्रावणातल्या एका संध्याकाळी चार गृहस्थ माझ्या ओटीवर आले. चौघांपैकी तिघे माझे जुने विद्यार्थी. खारबावात मी इतकी वर्षे मास्तरकी केली आहे की गावात चार माणसे जमली की त्यांत दोघा-तिघांचे कान मी कधी ना कधी पिळलेले असतातच. चहा झाला. भाताची लावणी उरकल्याचे समाधान व्यक्त झाले. भिवंडीच्या रस्त्यावरल्या कंटेनरांना यथास्थित शिव्या देऊन झाल्या. मग त्यांच्यातल्या एकाने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि अदबीने म्हणाला, "गुरुजी, तुमची सही पहिली हवी. म्हणून वर जागा सोडलीय."

कागद म्हणजे शाळेला द्यावयाचा अर्ज होता. तिसरीच्या वर्गातला एक मुलगा वर्गात ओरडतो, वस्तू फेकतो, शेजारच्या मुलाला चावतो. त्यामुळे इतर मुलांच्या शिक्षणाचे नुकसान होते. सबब त्याला घरी ठेवावे किंवा खास मुलांच्या शाळेत पाठवावे, अशी नम्र विनंती. खाली सह्या होत्या. एक अंगठाही होता. शाळेने ज्यांना एके काळी बाहेर ठेवले, त्यांच्यापैकी कुणाचा तरी तो असावा. आज तोच अंगठा दुसऱ्या कुणाला तरी बाहेर ठेवण्यासाठी कागदावर उमटला होता.

मी सही केली नाही. मंडळी रागावली नाहीत. आमच्या गावात म्हाताऱ्यावर कुणी रागावत नाही. पण पायऱ्या उतरताना "गुरुजी आता थकले" असे एकजण म्हणाल्याचे मला ऐकू आले. कान अजून शाबूत आहेत. त्या संध्याकाळी त्यांना जे सांगावयास हवे होते ते मला नीट सुचले नाही, म्हणून ते आता लिहितो. चकली मोडीत वाचावा असा हा विषय नाही, हे मला मान्य आहे. पण ज्या घरांत चकल्या तळल्या जातात त्याच घरांतली सुस्वभावी माणसे असल्या अर्जांवर सह्या करतात. तेव्हा वाचकहो, फराळाची बशी थोडी बाजूला ठेवा.

आधी माझा स्वतःचा गुन्हा सांगतो, म्हणजे मी सोवळ्यात राहून बोलतो आहे असे वाटणार नाही.

१९८६ च्या सुमाराची गोष्ट. माझ्या वर्गात तिसऱ्या रांगेत एक मुलगी बसे. मी काही लिहावयास सांगितले की ती हमखास शेजारणीच्या पाटीत डोकावी आणि तिच्याशी कुजबुजे. मी तिला दोनदा बजावले, तिसऱ्यांदा उभे केले आणि मग व्हरांड्यात पाठवू लागलो. जवळजवळ एक सत्र ती मुलगी व्हरांड्यात शिकली, म्हणजे काहीच शिकली नाही. पुढे आरोग्यतपासणीसाठी डॉक्टर आले. त्यांनी तिच्या पाठीमागे उभे राहून जोराने टाळी वाजवली. सारा वर्ग वळून पाहू लागला. मुलगी समोर बघत राहिली. ती कुजबुजत होती ती "गुरुजी काय म्हणाले?" एवढेच विचारण्यासाठी. शिकण्याची धडपड करते म्हणून मी तिला शिक्षा करीत होतो, आणि त्याला मी शिस्त म्हणत होतो. चौथीनंतर तिची शाळा सुटली. बाजारात भेटते तेव्हा ती हसते, आणि मी भाजीवाल्याशी घासाघीस करण्याचे निमित्त शोधतो.

त्यामुळे अर्ज घेऊन आलेली मंडळी गेल्यावर मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. वर्गाच्या बाई तरुण आहेत. तिसरी आणि चौथी असे दोन वर्ग एका खोलीत सांभाळतात. "गुरुजी, मी एकटी काय काय करू?" असे त्या म्हणाल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना दोष देण्याची माझी छाती नाही. मुलाजवळ स्वमग्नतेचा सरकारी दाखला आहे. आई गोदामात पॅकिंगला जाते. शाळेतून "तुमच्या मुलाला घेऊन जा" असा फोन आला की तिचा अर्धा रोज बुडतो, आणि हा फोन आठवड्यातून दोन-तीनदा तरी येई. अर्ज मंजूर झाला असता तर अर्धा नव्हे, सगळाच रोज बुडाला असता. ही गोष्ट अर्जात कुठे नव्हती.

माझी भाची ठाण्याला विशेष शिक्षिका आहे. तिला मी फोन केला. ती म्हणाली, "मामा, उपदेश नंतर करा. आधी वही घ्या." तिने चार रकाने सांगितले: वेळ काय झाली, त्याच्या आधी काय घडले, मुलाने काय केले, आणि त्यानंतर काय घडले. बस्स. मुख्याध्यापकांची आणि आईची परवानगी काढून मी दहा दिवस मागच्या भिंतीला टेकून बसलो. चाळीस वर्षांत मी वर्गात असा गप्प कधी बसलो नव्हतो.

गावात बोलबाला असा की तो मुलगा दिवसभर ओरडतो. वहीने पहिल्याच आठवड्यात हे खोटे पाडले. प्रार्थनेला तो शांत. मणी मोजावयाचे गणित असले की इतरांहून पुढे. खिचडीच्या पंगतीत तर आदर्श. आमचे स्टेशन वसई-दिवा मार्गावर. प्रवासी गाड्या मोजक्या आणि मालगाड्या मोप. मालगाडीची शिटी झाली की तो दोन्ही कानांवर हात दाबून झुलू लागे, पण त्याचा कुणाला उपद्रव नव्हता. उपद्रव होई तो त्याची नक्कल करून हसणाऱ्या दोन शहाण्या मुलांचा. त्यांच्याविरुद्ध मात्र अजून अर्ज आलेला नाही. खरे वादळ बहुतेक वेळा एकाच प्रसंगी उठे: फळ्यावरचा उतारा पाहून वहीत लिहा, असे बाईंनी सांगितले की. क्वचित, ठरलेला तास न सांगता बदलला की. आणि चौथ्या रकान्यात मी जवळजवळ प्रत्येक वेळी एकच शब्द लिहिला होता: व्हरांडा.

आता तो व्हरांडा कसा आहे ते ऐका. तिथे वारा येतो. तिथून रूळ दिसतात. तिथे फळा नाही, उतारा नाही, वही नाही. ज्या मुलाला लांबचा फळा आणि हातातली वही यांच्यात डोळे सारखे ये-जा करून अक्षरे उतरवणे हा छळ वाटतो, त्याला आम्ही पाटी फेकल्याबद्दल थेट सुटका देत होतो. आमच्या हिशेबी ती शिक्षा, त्याच्या हिशेबी ते बक्षीस. मुलगा मठ्ठ नव्हता. पाटी फेकली की लिखाण टळते हा धडा आम्ही रोज शिकवीत होतो आणि तो त्याने अचूक पाठ केला होता.

भिवंडीच्या मागांवर काम केलेला कुठलाही माणूस ही गोष्ट लगेच समजेल. ताण्याचा धागा तुटला तर कारागीर मागाला लाथ मारीत नाही आणि तो माग भंगारातही घालीत नाही. माग थांबवतो, तुटलेले टोक शोधतो, गाठ मारतो. कुठे तुटले हे पाहिल्याशिवाय गाठ कशी मारणार? आमच्या शाळांत मात्र धागा तुटल्याबरोबर माग बाहेर काढावयाची तयारी असते.

हे काही माझ्या म्हातारपणीचे अध्यात्म नव्हे. १९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या दोघा मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत चार मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. ही मुले कामात असताना आरडाओरडा, आदळआपट करीत. संशोधकांनी आधी प्रत्येकाच्या वागण्याचे कारण शोधले. कुणाला काम झेपत नव्हते, तर कुणाला मोठ्या माणसाचे लक्ष हवे होते. मग त्याच कारणाला लागू पडेल असे एक साधे वाक्य त्याला शिकवले. काम न झेपणाऱ्याला "मला समजत नाही" हे, आणि लक्ष हवे असणाऱ्याला "मी बरोबर करतोय ना?" हे. आदळआपट कमी झाली. पण खरी मौज पुढे आहे. कारणाशी न जुळणारे वाक्य शिकवले तेव्हा काहीही फरक पडला नाही. म्हणजे गोड बोलणे, प्रेम, दया, संयम या सगळ्या उत्तम गोष्टी असल्या तरी नेमके कारण सापडल्याशिवाय त्या बिनकामाच्या. आमच्याकडे या मुलांबद्दल भाषणे करणारे पुष्कळ आहेत. चार रकाने भरणारे मला क्वचित भेटले.

भाचीने सांगितले तसे बाईंनी केले. फळ्यावरचा उतारा त्याच्यापुरता एका पट्टीवर लिहून शेजारीच ठेवावयाचा, आणि आधी दोनच ओळी. दिवसाचे तास चित्रांनी दाखवणारा पुठ्ठा भिंतीवर टांगला. तास बदलणार असेल तर चित्र आधी बदलावयाचे. आणि वर केलेल्या हाताचे चित्र असलेले एक कार्ड बाकावर. ते त्याने दाखवले की बाईंनी हातातले काम टाकून त्याच्याकडे जावयाचे, निदान पहिले काही दिवस तरी प्रत्येक वेळी. तो लिहीत असेल तेव्हा "शाबास" एवढेच न म्हणता "दोन्ही ओळी पुऱ्या केल्यास, छान" असे नेमके म्हणावयाचे. पाटी फेकली तरी व्हरांडा नाही. शेजाऱ्याला जरा सरकवावयाचे आणि पट्टी पुन्हा समोर ठेवावयाची. एकूण खर्च पुठ्ठ्याचा आणि रंगीत खडूंचा.

पहिला आठवडा वाईट गेला. पाटीने व्हरांडा मिळेना म्हणून त्याने दप्तर फेकले. बाईंचा रात्री फोन: "गुरुजी, हे काही जमत नाही." भाचीने हे मला आधीच सांगून ठेवले होते. नळाला पाणी आले नाही की माणूस तोटी सोडून देत नाही, आधी ती पूर्ण पिळून पाहतो, तसेच हे. पुष्कळ शाळांत नेमके याच आठवड्यात सगळे सोडून देतात, आणि मग मुलाला कळते की जास्त जोराने पिळले की पाणी येते. बाई टिकल्या. दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर त्याने कार्ड उचलले. मी वहीत तारीख आणि वेळ लिहिली आणि खाली, नियमाबाहेर, रेघ मारली.

चमत्कार झाला असे मी म्हणत नाही. गणपतीत ढोल शाळेवरून गेले तेव्हा तो शेजारच्या मुलाच्या हाताला चावला, व्रण उठला, आणि त्या मुलाची आई शाळेत येऊन जे बोलली ते मी ऐकून घेतले. तिचे चुकले नव्हते. ढोल येणार हे आम्हांला माहीत होते. त्याला आधी सांगून आतल्या खोलीत नेणे आमच्या हातात होते. तेही वहीत आहे. रकाने पूर्वीपेक्षा विरळ भरतात एवढेच मी सांगू शकतो, आणि आईला शाळेचा फोन क्वचित येतो.

आता अर्जदारांचे म्हणणे. ते मी उडवून लावणार नाही.

एक म्हणणे असे की एकासाठी तीस मुलांनी का सोसावे? प्रश्न रास्त आहे, पण तो उलटा लावलेला आहे. १९६८ साली मॅडसन, बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पहिलीच्या एका वर्गात साधी मोजणी केली. मुले उठून हिंडत, बाई "खाली बसा" म्हणत. बाईंना मुद्दाम "खाली बसा" अधिक वेळा म्हणावयास सांगितले, तर उभी राहणारी मुले वाढली! मग बसून काम करणाऱ्यांचे कौतुक करावयास सांगितले, तेव्हा ती कमी झाली. ही मुले साधीसुधी होती, कुणाजवळ कसला दाखला नव्हता. आमच्या तिसरीतही तेच दिसले. चित्रांच्या पुठ्ठ्यावर सगळ्यात जास्त डोळे लावून बसतात ती दाखला नसलेली मुले. आता पुढे कुठला तास आहे हे त्यांनाही कुणी कधी सांगितले नव्हते. आणि चौथीतली एक अबोल मुलगी परवा बाईंना म्हणाली, "मला पण ते हाताचे कार्ड द्या ना." तीस मुलांपैकी किती जणांना न समजल्याचे बोलून दाखवावयाची सोय नव्हती, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले.

दुसरे म्हणणे जुन्या वळणाच्या लोकांचे: कौतुक, कार्डे, चित्रे ही लाच झाली; आम्ही मार खाऊन शिकलो, आमचे काय बिघडले? दिवाळीला बोनस घेताना त्याला लाच म्हणणारा कामगार मी अजून पाहिलेला नाही. लाच वाईट कामासाठी देतात. राहता राहिला मार. काय बिघडले ते ज्यांचे बिघडले त्यांना विचारा; ती माणसे अर्ज घेऊन ओटीवर येत नाहीत. छडीची थोरवी गाणाऱ्या म्हणी आपल्या भाषेत आहेत खऱ्या. पण त्या ज्यांना विद्या आली त्यांनी रचल्या. शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतली मारहाण आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध केले आहेत. मुलाला महिनोन्‌महिने व्हरांड्यात बसवणे यांतल्या दुसऱ्या सदरात मोडत नाही, असे कुणा वकिलाने मला पटवून द्यावे.

तिसरे म्हणणे सर्वांत सभ्य, म्हणून सर्वांत घातक: "त्याच्याच भल्यासाठी खास शाळेत पाठवा." खास शाळांबद्दल मला आदरच आहे. मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी सुरू केलेली शाळा असो की १९६४ ची पुण्याची कामायनी, त्या काळी या मुलांना दार उघडे करणारे दुसरे कोण होते? काही मुलांना अशी शाळाच हवी असते. पण २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा ही निवड मुलाच्या घरच्यांवर सोडतो, शेजाऱ्यांच्या सह्यांवर नाही. आणि खारबावच्या मुलाने रोज जायचे कसे? मोजक्या गाड्यांपैकी एक गाठून दिव्याला, तिथून ठाण्याला. नाहीतर कंटेनरांच्या रांगांतून. आईचा रोज पुन्हा बुडालाच. ज्यांनी अर्जात "खास शाळेत पाठवावे" असे लिहिले त्यांच्यापैकी एकालाही जवळची खास शाळा कुठे आहे हे सांगता आले नाही. त्यांना पाठवावयाचे ठिकाण ठाऊक नव्हते. काढावयाचे ठिकाण तेवढे ठाऊक होते.

आणि हे असले काही आपल्या मातीत चालत नाही, असेही कुणी म्हणू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेले काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. तो मुलूख तेव्हा आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघरात आहे. आदिवासी मुले शाळेत येत ना, तेव्हा त्यांना कामचुकार म्हणून मोकळे होणे सोपे होते. या बायांनी ती का येत नाहीत हे पाहिले. कुणी गुरे राखतो, कुणी धाकटे भावंड. मग शाळाच अंगणात नेली, कुरणात नेली. मुलाला बदलण्याआधी त्याच्याभोवतीची व्यवस्था बदलून पाहावी, हे शहाणपण आपल्याला परदेशातून मागवावे लागलेले नाही. ते शेजारच्या टेकडीवर पडून आहे आणि आपण त्यांची नावे भाषणात घेतो.

भाषणांवरून आठवले. अलीकडे "अपंग" म्हणावयाचे नाही, "दिव्यांग" म्हणावयाचे. शब्द बदलले, चांगले झाले. अर्जातही मोठ्या सुवाच्य अक्षरांत "दिव्यांग विद्यार्थी" असेच लिहिले होते. शब्दाला दिव्यत्व आले आणि मूल व्हरांड्यातच राहिले. सरकारचीही तीच तऱ्हा. विशेष गरजा असलेल्या दर दहा मुलांमागे प्राथमिक स्तरावर एक विशेष शिक्षक हवा, वरच्या स्तरावर दर पंधरांमागे एक, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली आपल्या निकालात घालून दिले. आमच्या शाळेत विशेष शिक्षक येतात ते गावोगाव फिरणारे, महिन्यात एखाद्या वेळी. येतात, वहीत शेरा लिहितात आणि पुढच्या गावाची वाट धरतात. माणूस मेहनती आहे, पण एका माणसाचे दहा तुकडे करता येत नाहीत. वर्गशिक्षिकेला दोन वर्ग, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहित्या आणि वर हा मुलगा. तिला मदतनीस द्यावा असा अर्ज गावाने करावयास हवा होता. त्यावर मी सगळ्यांच्या आधी सही केली असती, आणि वर सोडलेली जागाही मला पुरली नसती.

तो अर्ज मी लिहून ठेवला आहे. कोरा कागद, खाली जागा भरपूर. पहिल्या अर्जावर सही केलेल्यांपैकी दोघे आतापर्यंत वही पाहून गेले. एकाने माझ्या अर्जावर सही केली, दुसरा म्हणाला, "विचार करतो, गुरुजी." ज्या मुलाला चावा बसला त्याच्या आईकडे मी अजून गेलेलो नाही. तिच्याकडे आधी जावयास हवे होते.

आज आमच्या आळीत फटाके वाजू लागले आहेत. तो मुलगा बहुधा कानांवर हात ठेवून आतल्या खोलीत बसला असेल. त्याच्या आईने या वर्षी शेजाऱ्यांना सांगितले आहे की वाजवावयाच्या आधी हाक मारा, म्हणजे मी त्याला सांगेन. दोन घरे हाक मारतात. सुट्टी संपून शाळा उघडेल त्या दिवशी दुपारी शाळा व्यवस्थापन समितीची सभा आहे, आणि पालकांचा अर्ज विषयपत्रिकेवर आहे. मी जाणार आहे. दोनशे पानी वही बरोबर घेऊन.